योरुबा लग्नाला जायचंय: पैठणी नेसू की त्यांचं कापड घेऊ?

मृणाल, ठाणे
अंधेरीच्या ऑफिसातली माझी मैत्रीण नायजेरियाची, तिथल्या योरुबा समाजातली. डिसेंबरात इबादानला तिचं लग्न आहे, आधी पारंपरिक आणि मग चर्चमधलं. मी एकटीच जातेय. तिने मोरपिशी लेसचा फोटो आणि किंमत पाठवलीय. पाहुण्यांनी ते कापड विकत घेऊन शिवायचं म्हणे. आई म्हणते, आपली पैठणीच नेस. नवरानवरीवर नोटा उधळतात असंही ऐकलंय, मीही उधळायच्या का? आणि मी मांसमच्छी खात नाही.

सुमेधा, पार्ले
मृणाल, कापड घे. यांच्या नोकरीमुळे आम्ही लागोसला राहिलो, तिथली बरीच लग्नं मी पाहिली. पाहुण्यांनी घालायच्या या एकसारख्या कापडाला आशो एबी म्हणतात. पैसे मागितले म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस, तिथे नवरीची मावशीसुद्धा आपल्या कापडाचे पैसे भरते. ते अंगावर असलं की तू घरची. पैठणी चर्चच्या दिवशी नेस. डोक्याचं कापड ताठ असतं, ते बांधून देणाऱ्या बायका तिथे मिळतात.

पारंपरिक विधीला वेळेवर जा. दोन्ही बाजूंच्या एकेक बाई, अलागा, सगळं चालवतात: गाणी म्हणतात, नवऱ्याला छेडतात, त्याच्याकडून पैसे काढतात. नवरा मित्रांसह मुलीच्या आईवडिलांपुढे लोटांगण घालतो. रुखवतासारखं सामान मांडलेलं असतं: यामचे मोठाले कंद, मध, मीठ, कोला नट. मग नवरीला सांगतात, यातलं तुला हवं ते उचल. ती बायबल किंवा कुराण उचलते आणि अंगठी त्यालाच बांधलेली असते. मला दर वेळी भरून यायचं.

नोटा मात्र उधळू नकोस. लोक सर्रास उधळतात, पण तिथल्या सेंट्रल बँकेच्या २००७ च्या कायद्याने नायराची नोट उधळणं गुन्हा आहे: किमान ६ महिने कैद, किंवा किमान ५०,००० नायरा दंड, किंवा दोन्ही. २०२४ मध्ये तिथल्या नामवंतांनाही कैद झाली. तू पाकीट दे, उजव्या हाताने.

डॉ. नीता, दादर
पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्या. सहारला विमानतळ आरोग्य कार्यालयात मिळते, अपॉइंटमेंट लवकर घ्या. दाखला आयुष्यभर चालतो. तो नसेल तर परतताना इथे ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. अंड्याची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा. मलेरियाच्या गोळ्यांचंही डॉक्टरांना विचारा.

मृणाल, ठाणे
सुमेधाताई, आईला वाचून दाखवलं, ती लगेच तयार झाली. कापडाचे पैसे आजच पाठवते. जेवणाचं काय करू?

सुमेधा, पार्ले
जोलोफ, म्हणजे टोमॅटोचा तिखट भात, बहुधा मटणाच्या किंवा कोंबडीच्या रश्शात शिजवतात, तेव्हा विचारूनच घे. मोइन मोइन चवळीच्या पिठाचं असतं, पण आत बऱ्याचदा अंडं किंवा मासा घालतात. तळलेली पिकली राजेळी केळी, म्हणजे डोडो, पोटभर खा. मैत्रिणीच्या आईला आधी कळवलंस तर ती तुझ्यासाठी साधा भात वेगळा काढून ठेवेल.