मेट्रोची लिफ्ट खाली आणते, पण स्टेशनबाहेर व्हीलचेअर न्यायची कुठून?

धागाकर्ती: पुण्यात आईला व्हीलचेअरवरून कुठे न्यायचं तर मेट्रोचा प्रवास सगळ्यात सोपा, लिफ्ट आहे, डब्यात खुर्ची सरळ आत जाते, खरे हाल स्टेशनबाहेर सुरू होतात. आमच्या बाजूला फुटपाथच्या तोंडाशीच बोलार्ड, म्हणजे गाड्या अडवायचे आखूड खांब, इतके जवळजवळ ठोकलेत की धडधाकट माणूसही अंग चोरून जातो, आईची खुर्ची ६५ सेंमी रुंद, मग तिला भर रस्त्यावरून ढकलत न्यायची, समोरून राँग साइडच्या बाईक. निदान स्टेशन ते चौक एवढा पट्टा तरी आधी नीट करा असं निवेदन सगळ्या सोसायट्यांनी मिळून देऊया.

चौकातला रहिवासी: बोलार्ड नव्हते तेव्हा सिग्नल लागला की बाईकवाले सर्रास फुटपाथवर चढायचे, माझ्या सासऱ्यांना एकाने पाडलं होतं. काकूंची अडचण खरीये, पण गॅप वाढवली की पहिली स्कूटर तिथूनच घुसणार. माझा विरोध.

धागाकर्ती: काढा म्हणतच नाहीये हो, अंतर वाढवा म्हणतेय. मुंबईत याच बोलार्डवरून २०२३ मध्ये हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली होती. बाईकवाल्यांना पकडायचं सोडून खुर्चीवाल्यांनाच का अडवायचं?

टॅक्सपेअर: आपल्या भागात व्हीलचेअर दिसतात तरी किती? आधी खड्डे, ड्रेनेज बघा, पैसा झाडाला लागत नाही.

धागाकर्ती: बाहेर पडताच येत नाही तर दिसणार कुठून? आणि हे कोणी उपकार म्हणून करायचं नाहीये, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ४१ मध्ये रस्तेसुद्धा आलेत.

साइट इंजिनिअर: निवेदनात नुसतं 'रॅम्प करा' लिहू नका प्लीज. १५ सेंमीचा कर्ब (फुटपाथची उंच कड) असेल तर १:१२ उताराने, म्हणजे १ सेंमी उंचीला १२ सेंमी लांबी, रॅम्प १.८ मीटर लांब लागतो, इथे दोन फुटात सिमेंटचा ढीग ओततात आणि झालं म्हणतात, त्यावर खुर्ची मागे कलंडते. उताराचा आकडा लिहा, चालायला मोकळी रुंदी १.८ मीटर लिहा, आणि मध्येच उभे असलेले डीपी बॉक्स फोटोसकट दाखवा. खड्डे बुजवताना खोदकाम होणारच आहे, त्याच कामात कर्ब उतरवला तर वेगळा मोठा खर्च नाही.

टॅक्सपेअर: कागदावर सगळं छान असतं. मी सही करणार नाही.

चौकातला रहिवासी: संध्याकाळी सिग्नलला ट्रॅफिक पोलीस हवा, हे त्यात असेल तर माझी सही घ्या, नाहीतर नाही.

धागाकर्ती: घालते, पोलीस चौकीला वेगळी प्रत देऊ. रविवारी सकाळी टेप घेऊन मोजायला कोण कोण येतंय?