ऑटो टेस्टर नसेल तर ॲक्रो ठेवू नका म्हणे!

मिऱ्यावरचा
काल 'अलिबाग_रीफ' यांनी आपल्या कोरलच्या टाकीच्या फोटोखाली लिहिलं: "ऑटो टेस्टर नसेल तर ॲक्रोपोरा ठेवूच नका. हाताने टेस्ट म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. परवडत नसेल तर दोन क्लाउन आणि चार झोआ ठेवून गप्प बसा." शेवटचं वाक्य नसतं तर मी वाचून पुढे गेलो असतो. आता सविस्तर ऐका.

आधी नवख्यांसाठी: ॲक्रोपोरा, म्हणजे ॲक्रो, हे नाजूक दगडी कोरल. क्लाउन मासे आणि झोआ कोरल पाळायला सोपे. कोरल सांगाडा बांधायला पाण्यातली अल्कलिनिटी, म्हणजेच केएच, खातात; ती डीकेएचमध्ये मोजतात. ऑटो टेस्टर ती आपोआप मोजतो. ही यंत्रं करतात काय? टाकीतलं पाणी ओढतात, त्यात ॲसिड सोडतात. कोणी रंग बघून थांबतं, कोणी पीएच ४.५ च्या आसपास आला की थांबतं. किती ॲसिड लागलं त्यावरून केएच काढतात. मी सॅलिफर्टच्या टेस्ट किटच्या कुपीत ४ मिली पाणी घेऊन, इंडिकेटरचे ४ थेंब टाकून सिरिंजने हेच करतो. टायट्रेशन ते टायट्रेशन. ट्रायडेंट नावाचा ऑटो टेस्टर दिवसात ४ वेळा अल्कलिनिटी मोजतो, मी एकदा, टाकीचे दिवे लागायच्या आधी. रोज एकाच वेळचा आकडा असला की कोरल किती खातायत ते कळतं. केएच ८ चं ७.६ दिसलं की केएचच्या द्रावणाचा डोस वाढवायचा. एवढ्यासाठी कंट्रोलरसकट लाखाच्या पुढे घालवायचे?

बरं, घातले. रिएजंट, म्हणजे मोजायची रसायनं, साधारण दोन महिन्यांनी संपणार. इथे रत्नागिरीत ते कोपऱ्यावर मिळत नाही. पार्सल कस्टममध्ये अडकलं की लाखाचं यंत्र शोभेला, आणि मग कपाटातून काय काढता? सॅलिफर्टच ना? आमची हवा वेगळीच. जूनपासून भिंतींना घाम, प्लगच्या पिनांवर हिरवा गंज, संपवरच्या (टाकीखालच्या फिल्टरच्या टाकीवरच्या) प्रत्येक वस्तूवर मिठाचा थर. यंत्रातल्या पेरिस्टाल्टिक (नळी दाबून पाणी ढकलणाऱ्या) पंपाच्या नळ्या झिजतात, इलेक्ट्रोडचं कॅलिब्रेशन सरकतं. स्क्रीनवर आकडा मात्र दशांशासकट रुबाबात येतच राहतो.

आणि लाईटचं बोला. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा श्रीवर्धन-दापोलीकडे कित्येक दिवस अंधार होता. त्या दिवसांत टाक्या जगवल्या त्या बॅटरीवरच्या एअरपंपांनी. ॲपवरच्या आलेखाने कोणाचा मासा वाचल्याचं मी तरी ऐकलं नाही.

अलिबाग_रीफ
शेवटचं वाक्य जरा जास्त झालं, मान्य. बाकी एक अक्षर मागे घेत नाही.

मी आठवडाभर मुंबईत असतो, टाकी अलिबागच्या घरात. एका मंगळवारी डोसिंग पंप चालू स्थितीत अडकला. केएच वाढवणारं सोडा ॲशचं द्रावण टाकीत जातच राहिलं. यंत्राच्या सकाळच्या आणि दुपारच्या आकड्यात जवळजवळ दीड डीकेएचचा फरक. फोन वाजला, मी घर सांभाळणाऱ्या काकांना फोन केला, त्यांनी प्लग काढला. संपलं. तुमच्या 'रोज एकाच वेळच्या' आकड्याने हे दुसऱ्या दिवशी कळलं असतं, तोवर द्रावणाची बरणी रिकामी आणि ॲक्रोंची कातडी सुटलेली.

दुसरं, किटमधला रंग निळा-हिरवा जाऊन नारिंगी-गुलाबी नक्की कुठल्या थेंबाला झाला, हे ट्यूबलाइटखाली दोन माणसं दोन प्रकारे सांगतात. आणि 'रोज टेस्ट करतो' म्हणणारे खरंच रोज करतात का? गणपतीत करता? शिमग्याला पालखी दारात उभी असताना सिरिंज धरता?

मिऱ्यावरचा
पालखी यायच्या आधी करतो. आणि मुंबईत बसून अलिबागची टाकी फोनवर पाळायची असेल तर यंत्र लागणारच की. ती गरज तुमची. ती आम्हा इथे राहणाऱ्यांवर नियम म्हणून का लादता? तुमच्या गोष्टीत टाकी वाचवली ती प्लग काढणाऱ्या काकांनी.

अलिबाग_रीफ
काकांना सांगितलं कोणी?

कोळंबीवाला
शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात ब्युरेटखाली मान मोडलेला माणूस आहे. आता कोळंबी प्रकल्पावर तळ्याची अल्कलिनिटी हेच रोजचं काम. म्हणून दोघांनाही थोडं.

आकडा बरोबर असणं आणि आकडा रोज तसाच येणं, या दोन निराळ्या गोष्टी. यंत्र दुसरीत सरस. पहिलीत असेलच असं नाही. हाताचं उलट: हात आणि डोळा चांगला असेल तर बरोबरच्या जवळ जाता, पण रोज थोडं इकडेतिकडे. हॅना चेकर हे हातातलं मीटर घेतलात तरी कंपनी स्वतःच ±०.३ डीकेएच आणि वर ५ टक्के सांगते. त्यामुळे ७.९ की ८.१ यावरून कोणी रात्र जागवू नये.

भीती मला वेगळ्याच गोष्टीची आहे. माझ्या एका मित्राच्या यंत्राच्या नळीत हवेचा बुडबुडा बसला. पाणी कमी ओढलं गेलं, केएच कमी दिसला. डोसिंग त्याच यंत्राच्या हुकमावर. यंत्र म्हणतंय कमी, पंप ओततोय, यंत्र परत म्हणतंय कमी. दोन दिवसांत ॲक्रोंची टोकं पांढरी. मोजायचं काम यंत्राला द्या हवं तर, तिजोरीची किल्ली देऊ नका.

अलिबाग_रीफ
दिवसाला जास्तीत जास्त किती डोस जावा याची मर्यादा प्रत्येक शहाण्या कंट्रोलरमध्ये घालता येते. ती न घालता चालवलं तर दोष यंत्राचा कसा?

कोळंबीवाला
बरोबर. मित्राचाच. त्याला हे सांगून झालंय, त्याने बोलणं सोडलंय.

निवळी
सगळं वाचलं. समुद्र दारात असताना पाकिटातलं मीठ बादलीत कालवणाऱ्यांची मला नेहमीच गंमत वाटते. आम्ही गुहागरला भरती भरत आली की आतलं स्वच्छ पाणी कॅनमध्ये घेतो, दाट फडक्यातून गाळतो, झाकणाच्या पिंपात दोन आठवडे अंधारात ठेवतो. दर आठवड्याला टाकीचं पाव पाणी बदलायचं. रात्री चुन्याची निवळी थेंब थेंब. झालं. टेस्ट किट माझ्याकडेही आहे. कधी एक्स्पायर झालं ते बघायला हवं.

मिऱ्यावरचा
काका, गुहागरच्या वर अंजनवेलला वाशिष्ठी समुद्रात उतरते. ती काय लांब आहे का? तिच्या काठावर वर काय काय आहे ते मी सांगायला नको. आमच्याकडेही भाट्याचं पाणी कोणी घेत नाही, काजळी तिथेच येते. मिरकरवाड्याकडे तर डिझेलचा तवंग. घेतलंच तर रत्नदुर्गाच्या बाजूच्या कातळावरून, तेही उन्हाळ्यात.

निवळी
माझी टाकी तुमच्या ॲपच्या आधीपासून चालू आहे.

देवबागचो
निवळीकाकानु, उन्हाळ्यात ठीक असा. पावसात खयच्या दर्याचा पाणी हाडतास? कर्ली फुगली की आमच्या देवबागच्या टोकार पाणी चायसारख्या दिसता. खारटपणा खय जाता ता रिफ्रॅक्टोमीटर लावन बघा एकदा. मासेमारीच्या बंदीत होड्ये वर ओढलेले असतत, भायर जावन पाणी हाडणार कोण?

निवळी
मे अखेरीस पिंपं भरून ठेवायची. सप्टेंबरपर्यंत पुरतात. आमच्याकडे आंबोशी, कोकम, सुकट जसं भरतात तसंच हेही. नियोजन लागतं, ॲप लागत नाही.

कोळंबीवाला
पाणी कितीही स्वच्छ असो, हिशेब बसत नाही. समुद्राची स्वतःची अल्कलिनिटी ७ च्या आसपास. तुमची टाकी ८ वर असेल आणि तुम्ही पाव पाणी समुद्राचं ओतलंत, तर टाकी ७.७५ वर येते. वाढली नाही, उतरलीच! भरलेल्या ॲक्रोच्या टाकीत दिवसाला १ डीकेएच सहज खाल्लं जातं. आठवड्याच्या पाण्याने ते भरून निघणार नाही. तुमचं जे काही चाललंय ते निवळीवर चाललंय, समुद्रावर नाही.

निवळी
मग निवळी चांगली असंच झालं ना?

कोळंबीवाला
चांगलीच आहे. कॅल्शियम आणि अल्कलिनिटी जोडीने देते: २० पीपीएम कॅल्शियममागे २.८ डीकेएच. कोरल सांगाडा बांधताना खातात त्याच प्रमाणात. फक्त चुना कुठला वापरता?

निवळी
पूर्वी शिंपल्याचा. भट्टीवाल्याकडून आणायचो. आता पाकिटातलं कॅल्शियम हायड्रॉक्साइड. हो, पाकिटातलं. हसा.

अलिबाग_रीफ
हसत नाही, एक विचारतो. निवळी टॉप-ऑफच्या पाण्यातून देता ना? म्हणजे जेवढं पाणी उडालं तेवढीच निवळी जाते. एप्रिलमध्ये ठीक. जुलैत आपल्याकडे टॉवेल चार दिवस वाळत नाही, टाकीतलं पाणी कुठे उडणार? बाष्पीभवन घटलं, निवळी घटली, कोरलचं खाणं तेवढंच. केएच घसरणार आणि तुम्हाला कळणार नाही, कारण किट एक्स्पायर झालंय. अशासाठी लोक यंत्र घेतात.

निवळी
पावसाळ्यात टाकीवर पंखा लावतो. उडतं पाणी.

मिऱ्यावरचा
अलिबागकर, हा मुद्दा बिनतोड आहे हे मला नाइलाजाने म्हणावं लागतंय. पावसाळ्यात मीही निवळी बंद करून टू-पार्टवर (कॅल्शियम आणि अल्कलिनिटीच्या दोन वेगळ्या द्रावणांवर) येतो ते यासाठीच. पण ते कळायला मला यंत्र लागलं नाही. सिरिंजनेच कळलं. काका, तुमच्या टाकीत ॲक्रो आहेत ना?

निवळी
लेदर आहेत. मशरूम आहेत. मोठी आहेत.

मिऱ्यावरचा
लेदर! काका, धागा ॲक्रोचा चाललाय! लेदर मऊ कोरल, त्याला केएच ६ असला काय नि ११ असला काय.

निवळी
जिवंत आहेत ती. तुमची गेल्या वर्षी पांढरी पडलेली मी बघितली होती. केएच ८ होता म्हणे.

मिऱ्यावरचा
पाणी थंड ठेवणारा चिलर बंद पडला होता मे महिन्यात! त्याचा केएचशी काय संबंध? ही बोलायची पद्धत झाली का?

पनवेल_नॅनो
मध्येच विचारतो, सॉरी. माझी छोटी टाकी आहे, चिलर नाही. समुद्राचं पाणी चालतं तर मालवणहून कोरलचा एखादा लहान तुकडा आणला तर इथल्या पाण्यात जास्त टिकेल ना?

देवबागचो
अरे बाबा, इचारसुद्धा करू नको! सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतालचो दर्यो १९८७ पासून सागरी अभयारण्य असा. आणि अभयारण्याच्या भायर असलो तरी २००१ पासून सगळी दगडी पोवळी वन्यजीव कायद्याच्या पयल्या अनुसूचीत असत. जो कायदो वाघाक तोच पोवळ्याक. मेलेलो तुकडो किनाऱ्यार गावलो तरी खिशात घालू नको. मी लोकांका स्नॉर्कलिंगाक नेतंय. फोटोसाठी पोवळ्यार पाय देवन उभे रवतत, होडयेवाले खय पण नांगर टाकतत. उन्हाळ्यात पाणी तापला की आधीच पांढरी पडतत, त्यात ह्या. दर वर्षी सांगून तोंड दुखला.

आणि आता ॲक्रोवाल्यांकाच एक इचारतंय. तुमचे ॲक्रो खयसून इले? कागद असत?

अलिबाग_रीफ
माझे सगळे आयात केलेले, टाकीत वाढवलेले फ्रॅग, म्हणजे कोरलचे तुकडे, आहेत. दुकानदाराने साइट्सचे (वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराचे) कागद दाखवले होते.

मिऱ्यावरचा
दाखवले की दिले? आणि साइट्समधले जीव पाळणाऱ्यांसाठीच्या २०२४ च्या नियमांनंतर सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद?

अलिबाग_रीफ
धागा टेस्टरचा होता ना? तुमच्या ॲक्रोंची नोंद झाली?

देवबागचो
बघा. दोघांकाय एकदम धागो आठवलो.

कोळंबीवाला
कागदांचं ज्याचं त्याने बघा, पण खरंच बघा. आता परत पाण्याकडे. वाद मिटवायला खायचा सोडा पुरतो. १ लिटर आरओडीआय (क्षार काढून टाकलेल्या) पाण्यात ०.३ ग्रॅम सोडा विरघळवलात की बरोबर १० डीकेएच येतं. सोडा ताजा, पाकीट नुकतंच फोडलेलं हवं. बेकिंग पावडर नको, गेल्या वेळी एकाने तीच टाकली. यंत्राला हे पाणी पाजा आणि किटनेही मोजा. दोघांनी आकडे इथे टाका.

मिऱ्यावरचा
सॅलिफर्ट: ९.९. फोटो टाकलाय.

अलिबाग_रीफ
९.४. पण शनिवारी, रविवारी, प्रत्येक वेळी ९.४ च. म्हणजे ०.६ कमी दाखवतो आणि नेमाने तेवढंच कमी दाखवतो. मला चढउतार कळण्याशी मतलब. ॲपमध्ये फरक भरून टाकला.

मिऱ्यावरचा
अभिनंदन. लाखाच्या यंत्राचा आकडा ५ रुपयांच्या सोड्याने दुरुस्त झाला.

अलिबाग_रीफ
आणि रात्री तीनला पंप अडकला की तुमचा सोडा फोन करेल.

निवळी
मीही नवीन किट मागवलंय. कोणाच्या सांगण्यावरून नाही, जुनं एक्स्पायर झालं म्हणून.

पनवेल_नॅनो
तुकडा आणत नाही, कळलं. पण ०.३ ग्रॅम मोजायला काटा कुठून आणू? घरचा १ ग्रॅमच्या खाली दाखवतच नाही.

कोळंबीवाला
सोनाराकडे जा. नाहीतर ३ ग्रॅम १ लिटरमध्ये विरघळव, त्यातलं १०० मिली घे आणि साध्या आरओडीआय पाण्याने परत १ लिटर कर. आणि यंत्र, किट, सोडा सगळं नंतर. मे यायच्या आत चिलर घे.