आवाजाची नक्कल झाली, तर दाद फक्त नामवंतांनाच?

खर्जातला: जुलै 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंगला अंतरिम दिलासा दिला. एआय वापरून त्याचा आवाज काढून देणाऱ्यांना मनाई केली. 2025 मध्ये आशा भोसले यांनाही तसाच दिलासा मिळाला. छानच झालं. पण दोन्हीकडे आधार व्यक्तिमत्त्व हक्काचा, म्हणजे आपलं नाव, चेहरा, आवाज कोण वापरणार हे ठरवायच्या हक्काचा, आणि त्यासाठी मुळात नाव कमावलेलं असावं लागतं. अंधेरीत डबिंग करणाऱ्या आम्हाला कोण ओळखतं? आवाज रोज तुमच्या घरात, नाव कुठेच नाही. कायदा हवाच.

फोर्टातला काळा कोट: असहमत. घाईने केलेल्या कायद्याचा अनुभव आपल्या शेजारचाच आहे. आयटी कायद्यात 2008 च्या दुरुस्तीने आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला शिक्षा देणारं कलम 66अ आलं, शब्द सगळे मोघम. 2012 मध्ये फेसबुक पोस्टवरून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाने कलम रद्द केलं ते 2015 मध्ये. उद्या 'आवाजाशी साधर्म्य' हा गुन्हा ठरवलात, तर पहिला आत जाईल तो मिमिक्रीवाला. करार आहे, कॉपीराइट कायद्यात कलाकाराचे हक्क आहेत. ते वापरा.

खर्जातला: करार! वकीलसाहेब, बूथमध्ये शिरण्याआधी कागद पुढे येतो. 'सध्याच्या व भविष्यात निघणाऱ्या सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी.' ही ओळ खोडा म्हटलं की को-ऑर्डिनेटर हसतो, "क्लायंटचा फॉरमॅट आहे, सर." बाहेर बाकावर चौघं वाट बघत असतात, मग सही होते. आणि कॉपीराइट कायद्यातलं 2012 चं परंतुक वाचलंत? चित्रपटात काम किरकोळ आणि श्रेयनामावलीत नाव द्यायची रीत नसेल, तर तो 'कलाकार' धरायचाच नाही. क्राउडमध्ये, म्हणजे गर्दीच्या आवाजांत, घसा फोडणाऱ्याने कुठे जायचं?

फोर्टातला काळा कोट: त्यालाही अपवाद आहे. काम विकृत केलं तर त्याच कायद्याच्या कलम 38ब खाली दाद मागता येते.

खर्जातला: प्रतिष्ठेला बाधा आली तरच ना? म्हणजे फिरून प्रतिष्ठेपाशीच आलो.

स्टुडिओवाली, गोरेगाव: आमचंही ऐका. शनिवारी आलेला एपिसोड सोमवारी द्यायचा असतो. नुसत्या लिपसिंकच्या अंदाजासाठी कच्चा ट्रॅक एआयवर काढला, तरी लेखी परवानगी घ्यायची? मग काम चेन्नईला जाईल.

पार्लेकर: अमेरिकेत टेनेसी राज्याने 2024 मध्ये एल्विस कायदा केला. त्यात संरक्षण कोणाच्याही आवाजाला आहे, प्रसिद्धीची अट नाही.

फोर्टातला काळा कोट: टेनेसी म्हणजे नॅशव्हिल. तिथे संगीत कंपन्यांचं वजन होतं म्हणून झालं. तुमच्यामागे कोण उभं राहणार?

खर्जातला: कोणी नाही, म्हणून तर इथे लिहितोय. गोरेगावच्या ताई, कच्च्या ट्रॅकला आमची हरकत नाही. आवाज एआयला शिकवायला द्यायचा असेल तर वेगळी सही आणि वेगळे पैसे, एवढंच मागणं. मिमिक्रीवाल्याला हातही लावू नका.

फोर्टातला काळा कोट: मसुदा टाका, बघतो. अटकेची तरतूद दिसली तर मात्र खोडणार.