टीव्हीचं चित्र कसं लावावं? वडिलांच्या डोळ्यांना त्रास होतोय, सल्ला हवा

पूर्णाकाठ (परभणी)

मंडळी, नमस्कार. पोळ्याच्या आधी घरी ५५ इंची फोर-के एलईडी टीव्ही घेतला. स्पीकर चालवणारा रिसीव्हर आणि पाच स्पीकर आधीपासून होते, ते जोडले. आवाज झकास आहे, पण चित्र बघवत नाही. चेहरे शेंदूर फासल्यासारखे लाल. पांढरा सदरा निळसर, नीळ जास्त झालेल्या धोतरासारखा. सिनेमा लावला तरी मालिका बघतोय असं वाटतं, माणसं चालत नाहीत, घसरत जातात. आणि रात्रीचा प्रसंग आला की नुसता काळोख, कोण बोलतंय ते आवाजावरून ओळखायचं.

टीव्ही मुळात वडिलांसाठी घेतलाय. वय ७२, दोन महिन्यांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी टीव्ही बघायला परवानगी दिलीय. पण "डोळ्यात टोचायलंय रे" म्हणतात आणि पंधरा मिनिटांत उठून ओसरीत जाऊन बसतात. ते बघून जीव तुटतो.

बसवायला आलेल्या मुलाने 'व्हिव्हिड' लावून दिलं. नंतर मी नेटवरून याच मॉडेलचे कुणीतरी दिलेले आकडे जसेच्या तसे घातले, तर आणखीच बिघडलं. पश्चिमेची खिडकी टीव्हीच्या बरोबर समोर आहे. पलंग ९ फुटांवर. दुपारी क्रिकेट, रात्री सिनेमा. सुरुवात कुठून करू?

माळवद (अंबाजोगाई)

दादा, आधी ते उतरवलेले आकडे काढून टाका. चित्राच्या मेनूत सगळ्यात खाली 'रीसेट' असतं, ते करा. एकाच मॉडेलच्या दोन टीव्हींचे पॅनलसुद्धा तंतोतंत सारखे नसतात, आणि ज्याने आकडे दिले त्याची खोली तुमची नाही. त्याच्या अंधाऱ्या खोलीतला आकडा तुमच्या खिडकीसमोर चालणार कसा?

मग मोड बदला. व्हिव्हिड हा दुकानासाठी असतो. डोक्यावर ट्यूबलाइटचा लखलखाट, शेजारी आणखी दहा टीव्ही, त्यात आपला उठून दिसावा म्हणून निळा आणि लाल दोन्ही भडकवलेले असतात. घरात 'सिनेमा', 'मूव्ही' किंवा 'फिल्ममेकर मोड' यांपैकी जो असेल तो घ्या. फिल्ममेकर मोड २०१९ साली जाहीर झाला. दिग्दर्शकाने चित्र जसं पाहून मंजूर केलं तसंच ते घरी दिसावं, टीव्हीने मध्ये स्वतःची अक्कल चालवू नये, यासाठीच तो आहे. सोनीवर 'सिनेमा' किंवा 'कस्टम' बघा.

निळसर सदऱ्याचं उत्तर 'कलर टेंपरेचर'मध्ये आहे. ते 'कूल'वर असणार, 'वॉर्म' करा. घरी टीव्हीवर बघायच्या चित्राचा पांढरा रंग ६५०० केल्व्हिनला (केल्व्हिन हे पांढऱ्याची छटा सांगणारं माप) धरून ठरवलेला असतो, आणि बहुतेक टीव्हींवर त्याच्या सगळ्यात जवळचा पर्याय म्हणजे 'वॉर्म' किंवा 'वॉर्म २'. पहिल्या दिवशी सगळं हळद लावल्यासारखं पिवळं वाटेल. बदलू नका, तीन-चार दिवस राहू द्या. डोळा रुळला की जुनी सेटिंग एकदा लावून बघा, तेव्हा तिचा निळेपणा कळेल.

माणसं घसरतात त्याचं कारण वेगळं. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. टीव्ही दोन चित्रांच्या मधली चित्रं स्वतः बनवून भरतो, त्यामुळे चाल गुळगुळीत होते. आपल्याकडच्या मालिका आणि बातम्या वर्षानुवर्षं सेकंदाला ५० वेळा ताजं होणाऱ्या चित्राच्या आल्या. म्हणून गुळगुळीत हालचाल दिसली की डोळ्याला मालिकाच आठवते. सॅमसंगवर 'ऑटो मोशन प्लस' किंवा 'पिक्चर क्लॅरिटी', एलजीवर 'ट्रूमोशन', सोनीवर 'मोशनफ्लो'. सिनेमासाठी बंद. क्रिकेटला हवं तर थोडं ठेवा.

शार्पनेस बहुतेक टीव्हींवर शून्यावर किंवा शून्याजवळ आणा, सोनीवर मात्र मध्यावर, ५० ला. शार्पनेस वाढवल्याने तपशील वाढत नाही, कडांना पांढरी रेघ ओढली जाते. टीव्हीच्या मेनूतल्या अक्षरांभोवती नाही, सिनेमातल्या विजेच्या तारांभोवती बघा. आभाळासमोरच्या तारेला दोन्ही बाजूंनी पांढरी किनार दिसली तर शार्पनेस जास्त आहे.

आता काळोख. इथे नावांचा मोठा घोळ आहे. 'बॅकलाइट' म्हणजे पडद्यामागचा दिवा, सगळं चित्र उजळ किंवा मंद करणारा. जुन्या अर्थाने 'ब्राइटनेस' म्हणजे काळ्याची पातळी, अंधारातलं किती दिसावं ते ठरवणारी. पण सोनीने २०१६ च्या सुमारापासून 'ब्राइटनेस' हे नाव मागच्या दिव्याला दिलं, आणि काळ्याला 'ब्लॅक लेव्हल'. सॅमसंगच्या २०२० नंतरच्या टीव्हीतही ब्राइटनेस म्हणजे दिवाच, काळ्यासाठी 'शॅडो डिटेल' बघायचं. तुमचा टीव्ही कोणता ते सांगितलं नाहीत, म्हणून आधी बटण ओळखा. अंधार आणि उजेड दोन्ही असलेलं चित्र लावा आणि आकडा खालीवर करा. सगळ्या पडद्याचा उजेड बदलला तर तो दिवा. फक्त अंधाऱ्या जागा उमलल्या किंवा मिटल्या तर ती काळ्याची पातळी.

ती लावायला 'एव्हीएस एचडी ७०९' नावाच्या चाचणी-चित्रांच्या फाइली नेटवर फुकट मिळतात. उजेडाचं माप ० ते २५५ असतं, त्यातला व्हिडिओत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर धरलेला असतो. काळ्याच्या चित्रात क्रमांक लिहिलेल्या पट्ट्या लुकलुकतात. १६ आणि त्याखालची दिसू नये, १७ जेमतेम दिसावी. कमी केलंत तर कंबल पांघरलेल्या माणसाचा नुसता काळा गोळा होतो, जास्त केलंत तर रात्रीवर राखाडी धुकं चढतं. हे काम रात्रीच करा, रोज जेवढा दिवा लावून बघता तेवढाच लावून. मग पांढऱ्याच्या चित्रावर कॉन्ट्रास्ट लावा, २३४ ची पट्टी निदान दिसली पाहिजे.

एक महत्त्वाचं राहिलं. सेटिंग बहुतेक टीव्हीवर प्रत्येक एचडीएमआय इनपुटची वेगळी असते. साधं चित्र, एचडीआर (उजेड-अंधाराचा पल्ला मोठा असलेलं चित्र) आणि त्याचाच एक प्रकार डॉल्बी व्हिजन यांचीही वेगळी. एकदा लावलं म्हणजे सगळीकडे लागलं असं होत नाही.

लातूरवाला

माळवद भाऊंनी सांगितलं ते समदं बरोबर. पण रात्रीच्या काळोखाला मी बी तीन महिने झुंजायलो होतो, आकडे बदलून बदलून बोटं दुखली. चोर निघाला वीज बचतीचा. 'एनर्जी सेव्हिंग', 'इको', 'लाइट सेन्सर' जे काय नाव असेल ते बघा. खोलीत अंधार झाला की टीव्ही आपणहून दिवा बारीक करतो. काहींत प्रसंग अंधारा आला की आणखी बारीक. हा मोड चित्राच्या मेनूत नसतो बऱ्याचदा, 'जनरल'मध्ये असतो, म्हणून सापडत नाही. हे आधी बंद करा, मग पट्ट्या लावा. नाहीतर तुम्ही लावलेलं तो रोज संध्याकाळी मोडणार.

पूर्णाकाठ

लातूरवाला भाऊ, इको चालूच होतं! आताच बघितलं. चित्राच्या मेनूत नव्हतंच. बंद केल्याबरोबर निम्मा काळोख गेला. बाकीचं रात्री करतो.

सातारा परिसर (छत्रपती संभाजीनगर)

वडिलांच्या डोळ्यांबद्दल लिहिते, कारण आमच्या आईचंही असंच झालं होतं.

मोतीबिंदूत डोळ्याचं भिंग हळूहळू पिवळं, तपकिरी होत जातं. ते बराच निळा प्रकाश अडवतं, आणि माणसाला त्याची सवय होते. ऑपरेशनमध्ये ते भिंग काढून स्वच्छ कृत्रिम भिंग बसवतात, की अडवलेला निळा एकदम आत येतो. आई म्हणाली होती, "भिंत परत रंगवली का गं?" रंगवली नव्हती. तेव्हा तुमच्या वडिलांना ती नीळ तुमच्यापेक्षा जास्त दिसत असणार. ते उगाच कुरकुर करत नाहीत. टोचणं, पाणी येणं, लाली असेल तर टीव्हीवर ढकलू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. पण नुसतं चकाकणं असेल तर 'वॉर्म' आणि मंद बॅकलाइट यांनी पुष्कळ फरक पडेल.

दुसरं म्हणजे पूर्ण अंधारात टीव्ही लावू नका. टीव्हीच्या पाठीमागे, भिंतीवर उजेड पडेल असा एक मंद पांढरा दिवा लावा. दिव्याच्या खोक्यावर ६५०० के लिहिलेलं असतं, तोच घ्या, म्हणजे पडद्याच्या रंगाशी जुळतो. पिवळा घेतला तर चित्र उगाच निळं वाटेल. एलईडी पट्टी टीव्हीच्या मागच्या यूएसबीवरही चालते. उजेड थेट डोळ्यात येता कामा नये, भिंतीवरून परतून यावा. काळोख आणि लखलखीत पडदा यांतली उडी डोळ्याला दमवते, ती या दिव्याने कमी होते.

माळवद दादांशी एका बाबतीत माझं थोडं वेगळं मत आहे. वडील दुपारी बघतात तेव्हा खिडकीतून येणारा उजेड निळसर असतो, त्या वेळी 'वॉर्म २' फारच पिवळं दिसतं. दुपारसाठी 'वॉर्म १' चा वेगळा मोड ठेवला तर काय हरकत आहे? घरात ज्याच्यासाठी टीव्ही आहे त्याला सुखाने बघता यावं.

आणि रंगाची पातळी चेहऱ्यावरून ठरवा, साडीवरून नको. मी पैठणीच्या व्यवसायात आहे. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा, त्यामुळे पैठणीत धूपछाव असते, पदर हलला की रंग पालटतो. भडक सेटिंगवर ती धूपछाव जाते, सगळा पदर एकाच रंगाचा सपाट होतो. पण साडीचा खरा रंग बघणाऱ्याला माहीत नसतो. माणसाची कातडी मात्र आपण रोज बघतो. एकाच प्रसंगात गोरे, सावळे, काळे चेहरे असतील असं काहीतरी लावा. तिघांचे तीन रंग वेगळे दिसले तर कलर ठीक. सगळेच विटकरी झाले तर दोन-तीन आकडे खाली.

माळवद (अंबाजोगाई)

ताई, दुपारचं तुमचं पटलं. मी रात्रीचाच विचार करून लिहिलं होतं. दोन मोड ठेवावेत: दिवसासाठी 'वॉर्म १' आणि चढा बॅकलाइट, रात्रीसाठी 'वॉर्म २' आणि उतरता. काळ्याची पातळी मात्र बॅकलाइट बदलला म्हणून बदलायची गरज नाही.

गोदेचा घाट (नांदेड)

रिसीव्हरकडे कुणी बघितलं नाही म्हणून लिहायलोय. सेटटॉप बॉक्स रिसीव्हरमधून टीव्हीला गेलाय ना? मग रिसीव्हरच्या मेनूत जाऊन व्हिडिओचं जे काही 'प्रोसेसिंग' किंवा 'अपस्केलिंग' (कमी तपशिलाचं चित्र ताणून मोठं करणं) असेल ते बंद करा, चित्र आहे तसं पुढे जाऊ द्या. दोघांनी मिळून एकाच चित्रावर हात फिरवला की घाण होते.

रेंज, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची हद्द, तपासा. रिसीव्हर किंवा लॅपटॉप १६ ते २३५ पाठवतो आणि टीव्ही ० ते २५५ समजून बसतो, तेव्हा चित्र धुतल्यासारखं फिकं होतं. उलट झालं की अंधारातलं सगळं गिळलं जातं. दोन्हीकडे एकच ठेवा. पेन ड्राइव्हवरून पट्ट्या लावल्यात तर ती टीव्हीच्या स्वतःच्या प्लेअरची सेटिंग झाली. ज्या वाटेने रोज बघता त्या वाटेनेच चाचणी-चित्र लावा.

टीव्हीच्या कडा कापल्या जातात का तेही बघा, बातम्यांची खालची पट्टी अर्धी जात असेल तर हमखास. सॅमसंगवर 'फिट टू स्क्रीन', एलजीवर 'जस्ट स्कॅन'. फोर-के एचडीआर बघायचं असेल तर त्या एचडीएमआयचा पूर्ण वेग उघडावा लागतो: सॅमसंगवर 'इनपुट सिग्नल प्लस', सोनीवर 'एन्हान्स्ड फॉरमॅट'. रिसीव्हर जुना असेल आणि त्याला एचडीआर पेलत नसेल तर स्ट्रीमिंगची काडी थेट टीव्हीला लावा आणि आवाज तेवढा एआरसीने (टीव्हीचा आवाज एचडीएमआयच्याच तारेने मागे नेणारी सोय) रिसीव्हरला परत घ्या.

आणि पलंग पुढे ओढा. ५५ इंचाला सिनेमासारखा ३० अंशांचा कोन साडेसात फुटांवर येतो.

पूर्णाकाठ

पाच दिवसांनी लिहितोय, राग मानू नका. सोयाबीन काढणीला आलं होतं.

टीव्ही सोनी आहे. रीसेट केलं, 'सिनेमा' लावलं, मोशनफ्लो बंद. शार्पनेस कमी केल्यावर खरंच तारांची पांढरी किनार गेली. पट्ट्या रात्री साडेनऊला लावल्या, सेटटॉप बॉक्सवरून नाही, लॅपटॉप रिसीव्हरला जोडून, कारण सिनेमे लॅपटॉपवरूनच बघतो. रेंज खरोखर उलटी होती. ती जुळवली तेव्हा १७ ची पट्टी पहिल्यांदा दिसली, त्याआधी २२ पर्यंत सगळं काळंच होतं. म्हणजे नेटवरचे आकडे घालून मी चूक भलतीकडेच दुरुस्त करत होतो.

ताई, टीव्हीमागे दिवा लावला. खिडकीला आईने जुनी सतरंजी अडकवली आहे, शिवलेला पडदा येईपर्यंत. पलंग दीड फूट पुढे आला. दुपारचा मोड थोडा कमी पिवळा ठेवला, रात्रीचा जास्त.

काल रात्री वडिलांनी अख्खा सिनेमा बघितला. मध्ये एक प्रसंग होता, गोठ्यात कंदील टांगलाय आणि मागे अंधारात बैल उभा. आधी तिथे नुसता कंदील दिसायचा. वडील एकदम म्हणाले, "अरे, त्या बैलाच्या कानाला गोचीड लागलीय बघ." मी रिमोट खाली ठेवला.

एक शंका उरली आहे. स्ट्रीमिंगवर एचडीआर सिनेमा दुपारी लावला की परत मंद दिसतो, साधा सिनेमा मात्र ठीक. असं का?

माळवद (अंबाजोगाई)

वाचून फार बरं वाटलं दादा. एचडीआरमध्ये कुठली जागा किती उजळ हे फाइलच सांगते आणि ते अंधाऱ्या खोलीला धरून ठरवलेलं असतं. साध्या किमतीच्या एलईडीला तेवढा उजेड देता येत नाही, म्हणून तो सगळंच खाली ओढतो. एचडीआरची सेटिंग वेगळी साठते, तेव्हा तो सिनेमा चालू असतानाच मेनूत जा आणि ब्राइटनेस वरच्या टोकाला न्या. डॉल्बी व्हिजन असेल तर 'ब्राइट' हा पर्याय दुपारी घ्या, 'डार्क' रात्री. तरीही मंद वाटलं तर दुपारी एचडीआर बंद करून साधंच बघा. आणि सतरंजी काढू नका, पडदा येईपर्यंत तीच खरी सेटिंग आहे.