‘हॉपी’ बियरला मराठीत काय म्हणावं?

ऋतुगंध
अमेरिकेतल्या याकिमा खोऱ्यातल्या हॉप (बियरला कडूपणा आणि वास देणारी वेलीची फुलं) शेतीवरच्या माहितीपटाची मराठी उपशीर्षकं करतेय. एक शेतकरीण ताजी आयपीए (इंडिया पेल एल, भरपूर हॉप घातलेली बियर) चाखते आणि खुशीत म्हणते, ही किती ‘हॉपी’ आहे! मी ‘छान कडवट’ लिहिलं. तपासणाऱ्यांनी ते खोडून ‘तुरट’ केलं. मला ते अजिबात पटत नाहीये. तुम्ही काय म्हणाल?

काजूबोंड
तुरट साफ चूक. जांभूळ, सुपारी, कच्चं केळं हे तुरट. त्याने तोंड आवळून येतं. पण ताई, ‘कडवट’ही नको. तेलकट, मातकट, कडवट या सगळ्यांत तक्रारीचा सूर आहे. आमच्याकडे बिरड्याला कडवे वालच लागतात, आणि त्यांना ‘कडवट वाल’ कोणी म्हणत नाही. ‘कडवी’ लिहा.

तत्सम
संस्कृतात कटु म्हणजे तिखट आणि तिक्त म्हणजे कडू. मराठीने अदलाबदल केली. मूळ शब्द हाताशी असताना कडवा-कडवटात कशाला अडकायचं? ‘तिक्त’ लिहावं. ‘तिखट’ही त्यातूनच आलं.

काजूबोंड
तिखट ‘तीक्ष्ण’वरून, तीक्ष्ण-तिक्ख-तिखट. आणि उपशीर्षकात ‘तिक्त’ वाचून निम्मे लोक तिखटच समजतील.

माल्टवाला
पुण्यात एका ब्रूपबमध्ये बियर बनवतो म्हणून सांगतो, तुम्ही सगळे जिभेवर अडकलात. हॉपी हे आधी नाकाचं काम आहे. हॉपमधल्या अल्फा आम्लांतून कडूपणा उतरायला ते तासभर उकळावे लागतात. त्या उकळीत सुवासिक तेलं उडून जातात. म्हणून वासासाठीचे हॉप अगदी शेवटी घालतात, किंवा बियर आंबून झाल्यावर. न्यू इंग्लंड पद्धतीची गढूळ आयपीए घ्या. कडूपणा बेताचा, तरी हॉपी म्हणजे हॉपी.

सिट्रा जातीच्या हॉपची ताजी आयपीए ओतल्याबरोबर वास घ्या. पपनसाची साल नखाने खरवडावी तसा वास येतो. मागून पिकला आंबा, आणि मग देठाजवळचा चीक. कडू येतं घोट गिळल्यावर, जिभेच्या मुळाशी, आणि तिथे बराच वेळ रेंगाळतं. मर्सीन नावाचं द्रव्य हॉपमध्येही असतं आणि आंब्याच्या चिकातही.

काजूबोंड
चीक! अगदी बरोबर. एकदा पिताना काहीतरी ओळखीचं लागलं होतं, पण नाव सापडत नव्हतं. कैऱ्या उतरवताना हाताला येतो तोच वास.

ऋतुगंध
मग ‘कडवी’ही गेलं. रसाळ, मधाळ तसं ‘हॉपाळ’ चालेल? ‘-आळ’ लागलं की चीज हवीहवीशी वाटते.

माल्टवाला
मला आवडलं. आमच्यात ‘हॉपी’च म्हणतात, पण हे कानाला गोड आहे.

तत्सम
परक्या शब्दाला मराठी शेपूट जोडून तो मराठी होत नाही. आयपीए तरी का ठेवायचं? बियरला यवसुरा शब्द आहे. इंडिया पेल एल म्हणजे ‘हिंदी फिकी यवसुरा’.

माल्टवाला
काका, फिकी म्हणजे मराठीत बेचव. फिका चहा, फिकी आमटी. इथे ‘पेल’ हे हलक्या भाजलेल्या माल्टच्या, म्हणजे मोड आणलेल्या सातूच्या, रंगाबद्दल आहे. चव तर चांगलीच ठसठशीत. आणि ‘हिंदी’ म्हटलं की इथे बनली असं वाटेल. बनली इंग्लंडात. लंडनच्या हॉजसनच्या बो ब्रूअरीतून ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर बियर चढायची. 1820च्या दशकात इंग्लंडातल्याच बर्टन गावचे बियरवाले त्यात उतरले. तिथल्या पाण्यात जिप्सम असल्यामुळे हॉपचा कडूपणा जास्त स्वच्छ लागतो.

रानजाई
पण प्रवासात टिकावी म्हणूनच ही बियर शोधून काढली ना?

माल्टवाला
हॉपमुळे बियर टिकते हे खरं. पण त्याच जहाजांवरून पोर्टर नावाची काळी बियरही येत होती आणि तीही टिकत होती. म्हणून ‘शोधून काढली’ हे मी म्हणणार नाही.

ऋतुगंध
मंडळी, उद्या फाईल द्यायचीय. मला एका ओळीत बसणारा शब्द हवाय.

तत्सम
‘हॉपगंधी’. सोनगंधी, रानगंधी असतं तसं. एवढी तडजोड मी करतो.

काजूबोंड
हॉपगंधीत पिण्याचं सुख कुठे आलं? हॉपाळ म्हणा. आणि एक राहिलंच, वर सगळ्यांनी ‘ती आयपीए’ लिहिलंय. आमच्या घरात ‘तो एल’ म्हणतात.

रानजाई
‘ती’च. बियर ती, तर एलही ती.

तत्सम
मग रम ती आणि सोडा तो, हे कोणत्या नियमाने?