वजनांचा प्रोग्रॅम निवडायचाय: मी नवशिका की मधल्या पातळीवरचा?

वय ३८. आठ महिने नियमित जिमला जातोय, पण व्यायाम बहुतेक मशीनवरच झालाय. आता बारबेलवर (प्लेट लावायचा लांब बार) यायचंय. स्क्वॉटला (बार खांद्यावर घेऊन उठाबशा) ४० किलोचे ५ रेप्स (आवर्तनं) निघतात, चौथ्या-पाचव्याला गुडघे आत येतात. एक मित्र पाच दिवसांचा स्प्लिट (रोज शरीराचा वेगळा भाग) कर म्हणतो, दुसरा ५-३-१ (चक्राचक्राने वजन वाढवायचा बारबेल प्रोग्रॅम). मला आठवड्यात तीनच दिवस जमतात. आठ महिने झाले म्हणजे आता मी नवशिका नाही ना? काय घेऊ?

प्रतिसाद १
महिने मोजू नका. तुम्ही उचलता ते वजन किती लवकर वाढू शकतं, ते बघा. दर वेळी थोडं वाढवता येत असेल तर तुम्ही नवशिकेच, आणि ही फार चांगली गोष्ट आहे, कारण इतकी भराभर प्रगती पुन्हा होत नाही. पुढे ती आठवड्यावर जाते, मग महिन्यावर.

५-३-१ चांगला आहे, पण त्यात स्क्वॉटचं वजन चक्रामागे साधारण ५ किलो वाढतं आणि एक चक्र तीन-चार आठवड्यांचं. तुम्ही दर वेळी अडीच किलो वाढवलं तर एका आठवड्यातच साडेसात होतात. मग आत्ताच हात आखडता का घ्यायचा?

तीन दिवस, पूर्ण शरीर. स्क्वॉट तिन्ही दिवस, बेंच (आडवं पडून बार वर ढकलणं) आणि ओव्हरहेड प्रेस (उभं राहून बार डोक्यावर ढकलणं) आलटून पालटून, डेडलिफ्ट (बार जमिनीवरून उचलणं) आणि रो (वाकून बार पोटाकडे ओढणं) तसेच. ५ रेप्सचे ३ सेट (फेऱ्या), डेडलिफ्टचा मात्र एकच. एकाच वजनावर सलग तीनदा रेप्स अपुरे राहिले तर १० टक्के कमी करून पुन्हा चढायचं. असं दोन-तीनदा झालं, आणि झोप-जेवण नीट असूनही झालं, तर प्रोग्रॅम बदलायची वेळ आली समजा.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत, पण एक भर घालते. रिकामा बार २० किलोचा. ओव्हरहेड प्रेसमध्ये त्यावर अडीच किलो चढवणं म्हणजे साडेबारा टक्क्यांची उडी! मी तिथेच कित्येक आठवडे अडकले होते, आणि आपल्यात ताकदच नाही असं वाटून रडू यायचं. मग डंबेल घेतले. ८ रेप्सचे ३ सेट, तेच वजन ठेवून हळूहळू १२ पर्यंत, आणि मगच पुढचं डंबेल. गाडी लगेच पुढे सरकली. जिममध्ये अर्ध्या किलोच्या प्लेट असतील तर त्याही वापरा.

धागाकर्ता
दोघांचे मनापासून आभार. मग स्क्वॉट ४० पासूनच सुरू करू का?

प्रतिसाद १
नको. गुडघे आत येतात म्हणजे ते वजन अजून तुमचं झालेलं नाही. ३० वर या. समोरून आणि बाजूने व्हिडिओ काढा: गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेनेच जायला हवेत, टाचा जमिनीला चिकटलेल्या. सेट संपल्यावर अजून दोन रेप्स निघाले असते असं वाटलं पाहिजे. दोन आठवड्यांत तुम्ही ४० च्या पुढे असाल, आणि नीट असाल. मात्र गुडघा दुखत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

धागाकर्ता
दुखत नाही, नुसते आत येतात. सोमवारी ३० ने सुरुवात करतो. वही घेतलीय, व्हिडिओ काढून इथे टाकतो.