टॅमनी गल्ला: अस्सल की नक्कल?

कुणीतरी आपल्याकडच्या टॅमनी बँकेचा, म्हणजे नाणी साठवायच्या यांत्रिक गल्ल्याचा, फोटो टाकून विचारलंय, की वस्तू खरंच जुनी आहे हे ओळखायचं कसं. खुर्चीत बसलेला हा जाडजूड गृहस्थ म्हणजे टॅमनी हॉल या न्यूयॉर्कमधल्या राजकीय संघटनेतला लाचखाऊ पुढारी. हातावर नाणं ठेवलं की ते कोटाच्या खिशात जातं आणि साहेब खूश होऊन मान डोलावतात! पेटंट १८७३ चं, म्हणजे टॅमनी हॉलचा म्होरक्या बॉस ट्वीड याला भ्रष्टाचारासाठी शिक्षा झाली तेच वर्ष. बनवणारे कनेक्टिकटमधल्या क्रॉमवेलचे जे. अँड ई. स्टीव्हन्स. पोरांना बचत शिकवायला लाचखोराचा पुतळा, ही कल्पना मला अजूनही भारी वाटते.

आता मुद्द्याचं. हे गल्ले बिडाचे, वाळूच्या साच्यात ओतलेले. नक्कल करणारे बहुधा अस्सल गल्लाच नमुना म्हणून वाळूत दाबतात. पण बीड थंड होताना आकसतं, फुटामागे साधारण १/८ इंच. त्यामुळे नक्कल किंचित लहान निघते, म्हणूनच जाणकार आधी तळाचं माप घेतात. शिवाय जोड सैल बसतात, पृष्ठभाग हाताला खरखरीत लागतो. फुलीच्या खाचेचा स्क्रू दिसला तर सावध व्हा, तो प्रकारच १९३० च्या दशकातला. अर्थात स्क्रू नंतर कुणी बदललेलाही असू शकतो, तेव्हा नुसत्या त्यावरून निकाल देऊ नका.

तुमच्या गल्ल्याच्या तळाचा फोटो टाका, शेजारी पट्टी ठेवून. आणि तोवर कृपा करून ब्रासो वगैरे लावू नका, मूळ रंग गेला की किंमतही गेली.